दोरीवर शर्ट उभा

राजांच्या सणाला धुणं काढायचं नसतं, हे मोन्सेला कुणी शिकवायला नको होतं. तिची आई त्या दिवशी साधं फडकंसुद्धा पिळायची नाही. तिन्ही राजे बाळ येशूसाठी इतक्या लांबून येतात, दारात आल्याआल्या त्यांच्या तोंडावर ओला परकर कशाला, असं तिचं म्हणणं. पण सकाळी तिच्या लहानग्या डेलियाचा दात शिवशिवत होता. आजोबांनी तिला उचलून घेतलं, आणि तिनं प्यालेलं सगळं दूध आजोबांच्या पांढऱ्या शर्टावर परत केलं. तो शर्ट अंगात नसताना निकानोर कोयासो राजांपुढे गायला बसल्याचं पोर्तो रिकोच्या डोंगरात कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि अमेरिकेतल्या या लोरेन गावातही पाहणार नव्हतं.

म्हणून मोन्सेनं तो धुतला. खळ घातली. आणि बाहेर पाहते तर काय, तीन आठवड्यांनी आभाळ निळं झालेलं. ऊन असं लख्ख पडलेलं, की तिचे हात आपोआप मागच्या गच्चीकडे वळले. ऊन आहे म्हणजे कपडा वाळणार, एवढं साधं गणित तिच्या हाडात मुरलेलं होतं. इथलं ऊन नुसतं बघायचं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. दोन हिवाळे काढले होते तिनं ओहायोत. पण माहीत असणं वेगळं आणि हात वळणं वेगळं.

तासाभरानं ती गच्चीत गेली, तर शर्ट पत्र्यासारखा झाला होता. सरोवरावरच्या वाऱ्यानं बाह्या दोन्हीकडे फाकवल्या आणि त्या तशाच राहिल्या. तिनं चिमटा ओढला, तो शर्टासकट दोरीला घट्ट चिकटलेला. ओढून काढावा तर कापड काचेसारखं तडकेल अशी भीती. ती बोटं तोंडात धरून आत आली आणि त्याच वेळी तिची जाऊ इलुमिनादा भाताचं पातेलं दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात शिरली.

"सणाचं धुणं?" इलुमिनादानं खिडकीतून बाहेर बघत विचारलं. "छान. म्हणजे राजांना रस्ता चुकायला नको. लांबून दिसेल."

"डेलियानं दूध काढलं त्याच्यावर, ताई."

"हो का. माझ्याकडे आतल्या खोलीत, शेगडीजवळ दोरी आहे. पण तुमच्याकडं राहायचं पापांनी ठरवलंय, तर तुमच्या पद्धतीनं." तिनं पातेलं ओट्यावर आपटलं नाही, ठेवलं. पण ठेवण्याचा आवाज आपटल्यासारखाच आला.

हे दुखणं जुनं होतं. म्हातारा थोरल्याकडं राहायचा सोडून धाकट्याच्या या दोन खोल्यांत राहिला, हे इलुमिनादाच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं. डेलियाच्या बारशाला त्यावरून जे झालं ते झालं. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी अदबीनं बोलत होत्या, आणि अदब ही भांडणापेक्षा वाईट.

"कुठंयत पापा?" इलुमिनादानं विचारलं.

मोन्सेनं बोटानं खाली दाखवलं. परसात निकानोर गुडघ्यावर बसून कोळशाच्या खोऱ्यानं बर्फ उकरत होता. अंगात मोन्सेच्या नवऱ्याचा, फेलिपेचा, चौकड्यांचा कारखान्यातला शर्ट, वर कोट, वर गळपट्टा. शेजारी बुटांचं रिकामं खोकं.

"काय चाललंय त्यांचं?"

"गवत काढतायत. राजांच्या घोड्यांसाठी. डेलियाचा पहिला सण आहे ना, तिच्या खाटेखाली खोकं ठेवायचं होतं. रात्री काढायला गेले तर खोरं चालेना. म्हणाले, घोडे परत जाताना तरी खातील."

इलुमिनादा खिडकीपासून वळली. मग तिची नजर शेगडीजवळ गेली. तिथे लाकडी खोका होता, आत पेंढा. घरातले लाकडी राजे याच खोक्यातून बोटीनं आले होते. दोन वर्षं तो तळघरात पडला होता, आणि परवा निकानोरनं तो स्वतः वर आणून पुसून ठेवला होता.

"म्हणजे खरंच जायचं म्हणतात," इलुमिनादा म्हणाली.

"आज ओळ आली नाही तर."

एवढंच होतं, पण सगळं त्यातच होतं. फेलिपे लहान असताना तापानं फणफणला, तेव्हा त्याच्या आईनं, हेनोवेवानं, राजांना नवस बोलला: पोर वाचलं तर ते जिवंत असेतो दर वर्षी सणाला तुमच्यापुढं नवी देसिमा गाऊ, आणि पोर समोर उभं करू. नवस बोलली ती, फेडायचा नवऱ्यानं. कारण दहा ओळींची देसिमा उभ्याउभ्या रचून गाण्यात निकानोरचा हात त्या डोंगरात कुणी धरला नसता. ती गेली, मुलांनी म्हाताऱ्याला इकडं आणलं. पहिल्या वर्षी सुतक, गाणं नाहीच. गेल्या वर्षी गायला, पण ती देसिमा जुनी होती. सगळ्यांनी ओळखली, कुणी बोललं नाही, आणि त्यालाही कळलं की सगळ्यांनी ओळखली. यंदा नाताळच्या जेवणावर त्यानं काटा खाली ठेवून सांगितलं: "सणाला नवी ओळ आली नाही, तर राजांना घेऊन मी घरी जाईन. तिथं तोरिबियो आहे. तो माझा वैरी आहे, पण गाईल. राजांनी माझ्यापायी मुक्या घरात का राहायचं?"

मोन्सेला त्या रात्रीपासून धड झोप नव्हती. तिला आई उरली नव्हती. डेलिया झाली तेव्हा बाहेर हातभर बर्फ, फेलिपे पाळीवर, आणि तिला तर बाळाचं डोकं कसं धरायचं हेही ठाऊक नव्हतं. या म्हाताऱ्यानं बाळ उचललं, छातीशी उताणं न धरता पालथं धरलं आणि तिच्या इवल्या पाठीवर बोटांनी टकटक सुरू केली. चार आणि चार, थांबा. चार आणि चार, थांबा. बाळ झोपलं. आजही ते तसंच झोपे. ओळ येत नाही म्हणणाऱ्या माणसाची बोटं दिवसभर ओळीचं माप मोजत होती, हे घरात एकटीला मोन्सेला ठाऊक होतं. त्याला स्वतःलाही नसावं.

जिन्यात बुटांचा बर्फ झटकल्याचा आवाज आला, आणि मग थोरल्या दिराचा, कार्मेलोचा, दबका आवाज. दार किलकिलं होतं.

"मी इसिद्रोला सांगून ठेवलंय," कार्मेलो म्हणत होता. "पापा अडखळले की त्यानं कुआत्रोच्या तारांवर जुनी चाल धरायची आणि स्वतःच गायचं. लोकांसमोर त्यांची शोभा नको."

"नवस नवीचा आहे, दादा," फेलिपे म्हणाला.

"नवस तुझ्यासाठी होता. तू वाचलास. घोड्यासारखा धडधाकट आहेस, पोलाद ओततोस. राजांना आणखी काय पुरावा हवा?"

"मग त्यांना जाऊ द्यायचं?"

"जाऊ द्यायचं. फेलिपे, माणूस सुकतोय इथं. मी आणलं त्यांना, माझी चूक. आंब्याचं झाड उपटून इथं लावलं आणि आता रोज जाऊन विचारतोय, आंबा का येत नाही."

फेलिपे नुसते बूट झटकत राहिला. मोन्सेला वाटलं, आता बोलेल. पण आपला नवरा शब्दांचा कंजूष आहे. बापाकडं होते ते सगळे बापानंच वापरून संपवले असावेत.

दुपारी जेवणं उरकण्याआधीच लोक जमले. तिकडं हा सोहळा रात्रभर चालायचा. इथं फेलिपेच्या तीनच्या पाळीआधी उरकायचा होता, कारण ज्याचा नवस तोच समोर नसेल तर राजे ऐकणार कोणाचं? खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण कोवाचबाईंना मोन्सेनं सकाळीच पास्तेलेसची थाळी देऊन ठेवली होती, म्हणजे आवाज होतो म्हणून त्या छताला केरसुणीचा दांडा ठोकणार नाहीत. केळीची पानं कुठून आणायची, म्हणून हे मांस भरलेले उकडीचे पास्तेलेस कागदात बांधलेले. कोवाचबाई कागद खायचा का म्हणून विचारायला वर येऊन गेल्या होत्या.

कपाटावर पांढरी चादर, चादरीवर तीन राजे. वीतभर उंचीचे, लाकडी. मधला मेल्चोर काळासावळा, पांढऱ्या घोड्यावर. त्याच्या घोड्याचा एक कान बोटीत मोडलेला. निकानोरनं त्यांच्यासमोर बुटांचं खोकं ठेवलं. त्यात मूठभर पिवळं, ओलं गवत.

"एवढंच?" इसिद्रोनं कुआत्रोच्या तारा पिळत विचारलं. इसिद्रो हा डेलियाचा धर्मपिता, म्हणजे घरच्यांचा कोंपाय. बारीक, वाकलेला, कारखान्यात फेलिपेच्या शेजारच्या भट्टीवर. "एका घोड्याचं पोट नाही भरायचं, कोंपाय निकानोर."

"बर्फातलं आहे. बर्फातलं गवत जड असतं," निकानोर म्हणाला. चौकड्यांच्या शर्टात तो कुणा दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा दिसत होता. मोन्सेकडं पाहून म्हणाला, "वाळला नाही?"

"नाही, पापा. चुकलंच माझं."

"असू दे. राजे मला तोंडावरून ओळखतील."

कुआत्रो सुरू झाला. कोपऱ्यातून कुणी वाळल्या भोपळ्याच्या वाद्यावर काडी खरवडायला लागलं. सगळ्यांनी मिळून पहिलं, सगळ्यांना येतं ते स्वागताचं गाणं म्हटलं. मग चाल तीच राहिली पण हळू झाली, आणि निकानोर खुर्चीवरून उठला. फेलिपे राजांच्या उजव्या बाजूला उभा राहिला, जेवणाचा डबा हातात तसाच.

"चरण द्या," निकानोर म्हणाला.

रीत अशी की देसिमेचा शेवटचा चरण श्रोत्यांनी द्यायचा. आठ अक्षरं. गाणाऱ्यानं तो एकदा ऐकायचा, दुसऱ्यांदा म्हणून घ्यायचा आणि तिथं जाऊन पोचतील अशा नऊ ओळी जागच्या जागी रचायच्या. दिलेला चरण नाकारायचा नसतो. नाकारला, तर गाणाऱ्यानं खाली बसायचं.

इलुमिनादा पुढं झाली. तिनं हा चरण आठवडाभर घोळवला असावा. डोळे भरून आले होते तिचे.

"डोंगरात माझं घर," ती म्हणाली.

"पुन्हा एकदा, पोरी."

"डोंगरात माझं घर."

लोकांनी मान डोलावली. सुंदर होता चरण. निकानोरनं डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिली ओळ आली, पहाटेच्या धुक्याची. दुसरी कॉफीच्या फुलाची. तिसरीला आवाज बारीक झाला. चौथी आलीच नाही. कुआत्रो एक फेरी फिरला, दुसरी फिरला, तिसरी फिरला. निकानोरनं हात वर केला. रीतीनं त्यानं तिथंच खाली बसायचं, पण सगळ्यांनी चालवून घेतलं.

"दुसरा द्या."

मागून कुणी म्हातारी म्हणाली, "जिथं माझी आई निजे." हाही सुंदर होता. निकानोर दोन ओळींतच थांबला. गळपट्ट्यानं त्यानं ओठ पुसले. "घसा," तो म्हणाला. सगळे म्हणाले, हो हो, घसाच, ही हवाच अशी. मोन्सेला तो चांगुलपणा सहन होईना.

आणि त्याच वेळी तिच्या डोक्यात काहीतरी हललं.

मागच्या महिन्यात ती आणि तो शेंगा सोलत बसले होते. तिनं सहज विचारलं होतं, पापा, तुम्हाला मिळालेला सर्वांत चांगला चरण कुठला? तो जो हसला तो हसतच राहिला. "खेचर चढलं छती," म्हणाला. "तोरिबियोनं दिला. भर लग्नात. नवऱ्यामुलाचं खेचर खरोखरच गोठ्याच्या छपरावर चढलं होतं, आणि नवरीच्या बापाला त्याचा भारी राग. मी त्या चरणाशी असा पोचलो, की बाप हसून हसून बाकावरून पडला. अगं, तिथं सगळे मला पाडायला टपलेले असत. म्हणून तर मी उभा राहायचो." मग त्यानं हातातली शेंग न सोलताच परत टाकली होती. "इथं लोक फार चांगले आहेत," एवढंच म्हणाला होता. तेव्हा तिला ते कौतुक वाटलं होतं.

दोन वर्षं. दोन वर्षं हे सगळे त्याला डोंगर देत होते, धुकं देत होते, थडगं देत होते. आजाऱ्याला पेज द्यावी तसे. त्यात उडी मारायला जागाच नव्हती. नुसतं बुडायला होती.

कार्मेलोनं इसिद्रोकडं बघून हनुवटी हलवली. इसिद्रोची बोटं जुन्या चालीवर गेली. निकानोरनं ते ऐकलं. त्याचा हात मागं खुर्ची चाचपायला लागला.

मोन्सेच्या खांद्यावर डेलिया होती. तिच्या ध्यानात आलं, आपली बोटं बाळाच्या पाठीवर चार आणि चार वाजवतायत. समोर खिडकी. खिडकीबाहेर गच्ची, आणि गच्चीत निळ्या आभाळाखाली तो खुळा, बाह्या फाकवून.

"दोरीवर शर्ट उभा," ती म्हणाली.

जरा मोठ्यानंच म्हणाली. भोपळ्यावरची काडी थांबली.

"काय?" कार्मेलो वळला.

"चरण दिला मी, दादा."

"राजांपुढं? आईच्या नवसाला? धुणं?" कार्मेलो ओरडला नाही, पण त्याचे कान लाल झाले. "मोन्से, तुला कळतंय का आपण काय बोलतोय ते? माणूस आधीच... तो चरण परत घे."

"कसा घेणार?" हा आवाज इलुमिनादाचा होता. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं, मोन्सेनंही. इलुमिनादानं हातांची घडी घातली होती. "दिला चरण परत घेतला असं आजवर कुणाच्या घरात झालंय? तुझ्या आईनं घेऊ दिला असता? सणाला धुणं काढलं ते चुकलं तिचं, ते मी म्हणेन, चारचौघांत म्हणेन. पण चरण दिला तो दिला."

"इलू, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी राजांच्या बाजूनं आहे."

मोन्सेनं डेलियाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती सासऱ्याकडं बघायचं टाळत होती. बघितलं तेव्हा तो तिच्याकडं नव्हताच बघत. तो खिडकीकडं बघत होता. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकलेला, आणि त्या हाताची बोटं.

चार. चार.

"पुन्हा एकदा, पोरी," तो म्हणाला.

"दोरीवर शर्ट उभा."

"माझाच ना तो?"

"तुमचाच, पापा."

निकानोरच्या नाकातून एक आवाज निघाला. खोकल्यासारखा होता, पण खोकला नव्हता. "काय मूर्खासारखा दिसतोय," तो म्हणाला. मग इसिद्रोकडं वळून, गेल्या दोन वर्षांत कुणी ऐकली नव्हती अशा जरबेनं, "रडकी चाल कशाला धरलीस रे? कुणी मेलंय का? वर चढव."

इसिद्रोनं चाल वर चढवली. निकानोरनं गळपट्टा काढून कार्मेलोच्या हातात दिला, जसा कोणी खुंटीवर टांगावा. आणि गाऊ लागला.

*डोंगर मागे राहिला,*
*आलो मी नव्या गावात,*
*शब्द गोठले घशात,*
*म्हातारा मुका जाहला.*

इथं तो थांबला. रीतच आहे चौथ्या ओळीनंतर थांबायची. कुआत्रोला एक फेरी द्यायची. पण आधी दोनदा तो या कड्यापर्यंत पोचलाच नव्हता, त्यामुळं खोलीत कुणी श्वास घेतला नाही. फेलिपेच्या हातातला डबा खुळखुळला. कुआत्रो एक फेरी फिरला. निकानोरनं भुवई उडवली, अगदी सावकाश, सगळ्यांना पुरतं टांगून ठेवत, आणि मोन्सेकडं बोट केलं.

*पण सुनेनं टांगला*
*बर्फात, पाहा ती शोभा,*
*नाही वाकायची मुभा,*
*माझ्याआधी शिकला तो,*
*थंडीला टक्कर देतो,*

आणि शेवटचा चरण त्यानं गायलाच नाही. नुसते हात फाकवले, खिडकीतल्या शर्टासारखे ताठ, डोळे वटारून. खोली भरून सगळ्यांनी मिळून तो म्हटला. खालून कोवाचबाईंची केरसुणी छतावर दोनदा आदळली, आणि ते इतकं नेमकं ठेक्यात आलं की इसिद्रोची बोटं हसण्यानं तारांवरून घसरली.

मोन्सेला मात्र तिसऱ्या ओळीपासून हुंदका आवरत नव्हता. शब्द गोठले घशात. घरात दोन वर्षं सगळे जे टाळत आले, ते म्हाताऱ्यानं चारचौघांत, हसतहसत, राजांच्या पायाशी ठेवलं होतं.

कार्मेलो पाठमोरा, खिडकीला कपाळ टेकून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. इलुमिनादा जवळ गेली तेव्हा कळलं, हसतोय. डोळे पुसत हसतोय. "खेचरापेक्षा भारी झाली, पापा," तो म्हणाला.

"खेचराची बरोबरी नाही," निकानोर म्हणाला. "सहावी ओळ ढिली आहे. 'शोभा' मला वाटेत सापडली म्हणून उचलली. तोरिबियो असता तर त्यानं इथंच धरलं असतं मला." तो खुर्चीत बसला, धापा टाकत होता, पण तक्रार करताना त्याचा चेहरा उजळला होता. "आणखी दोन देसिमा बाकी आहेत. राजे तीन आहेत, का एकच आलाय?"

पुढचा चरण इसिद्रोनं दिला, आणि तो वाईट होता: कारखान्याचा भोंगा आणि त्याच्या बायकोचं घोरणं यांच्याबद्दल. बायको समोरच बसली होती. निकानोरनं तिलाच जिंकवून दिलं. तिसरा, पुष्कळ आढेवेढे घेऊन, कार्मेलोनं दिला. मग फेलिपेनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि बापाच्या डोक्यावर ओठ टेकले. डबा बगलेत मारून तो दाराशी गेला, परत आला, आणि शब्दांच्या त्या कंजुषानं बायकोच्या कानाशी लागून म्हटलं, "आईला तू आवडली असतीस."

गेला. जिन्यात तो शीळ घालत होता.

लोक पांगले तेव्हा ऊन उतरलं होतं. इलुमिनादा भांडी घासायला उभी राहिली; मोन्सेनं नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. डेलियाला कुठं ठेवावं म्हणून मोन्सेनं आजूबाजूला पाहिलं, आणि शेगडीजवळच्या त्या खोक्यात, पेंढ्यावर घोंगडी टाकून, बसवून दिलं. डेलियानं पेंढ्याची काडी तोंडात घातली.

"आता राजांना जागा नाही उरली यात," इलुमिनादा कुणाकडंही न बघता म्हणाली.

"आहेत तिथं बरे आहेत," म्हातारा म्हणाला. "मेल्चोरच्या घोड्याचा कान तेवढा बसवायला हवा. इथं चांगला डिंक कुठं मिळतो, कार्मेलो?"

"बघतो, पापा," कार्मेलो म्हणाला. तो उगाच कोट शोधायला लागला.

मोन्से गच्चीत गेली. चिमट्यांवर तिनं गरम पाण्याचा तांब्या ओतला आणि शर्ट सोडवून, दोन्ही बाह्यांना धरून, एखाद्या अवघडलेल्या पाहुण्याला आणावं तसा आत आणला. घडी घालणं शक्यच नव्हतं. तिनं तो शेगडीजवळच्या रिकाम्या खुर्चीला टेकवून ठेवला. शर्ट ताठ बसला, हात फाकवून, राजांकडं तोंड करून. डेलिया काडी सोडून त्याच्याकडं बघत राहिली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खळीचा एक बारीक तडतड आवाज आला. उजवी बाही कोपरातून खाली आली. मग डावी. कॉलरवरून पाण्याचा थेंब ओघळला, आणि शर्ट हळूहळू, फार हळूहळू, कमरेतून वाकला.

"बघितलंत?" मोन्से म्हणाली. "घरात आला की वाकतो."

निकानोर खुर्ची ओढून पुढं सरकला. त्याची नजर शर्टावरून हलत नव्हती, आणि गुडघ्यावर बोटं चालली होती.

"चरण दे, पोरी," तो म्हणाला. "आणि या खेपेला जरा अवघड दे."